रबराच्या बाईला काय सांगायचं

आमच्या टीमला पैकीच्या पैकी मार्क पडले, आणि ते मार्क मीच दिले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ज्यांच्या ज्यांच्या नावानं बोटं मोडणार आहे, त्यांच्यात मीपण आहे. मला वगळून कुणी वाचू नये.

बऱ्हाणपुरातल्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर. घर गावातच, लालबागला, नोकरीला सत्तावीस वर्षं झाली. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचेही म्हणतात आणि वॉर्डातलेही. असू दे. जिथं पाच मिनिटांत बाईचा जीव जातो, तिथं गोड आवाज घेऊन काय करायचं? पण या वेळचा राग काही केल्या उतरतच नाही. एकवीस वर्षांच्या एका मुलीचा जीव आणि तिची गर्भाची पिशवी, दोन्ही एका दुपारी आमच्या हातात होतं. त्यातलं एक आम्ही वाचवलं. दुसऱ्याचं काय केलं, ते लिहायला बसले आहे.

सुरुवात झाली ट्रेनिंगनं. वरून पत्र आलं की डॉक्टर, नर्स, लॅबवाले आणि औषधवाले यांनी एकत्र काम कसं करायचं, हे शिकवायला भोपाळहून माणसं येणार. पत्र वाचूनच मी फणकारले. एकत्र काम कसं करायचं म्हणे! इतकी वर्षं काय आम्ही वेगवेगळ्या गावी बसून बाळंतपणं केली? पण खोटं कशाला बोलू, ट्रेनिंग चांगलं होतं. शिकवणारे साहेब तरुण होते, गळ्यात ओळखपत्र, हातात मार्कर, बोलायला अगदी मऊ. दोन दिवस त्यांनी आम्हाला वरच्या हॉलमध्ये बसवलं आणि खरंच बोलतं केलं. डॉक्टरनं औषध सांगितलं की नर्सनं ते मोठ्यानं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे चूक असली तर तिथंच पकडली जाईल. लॅबकडे रक्ताची बाटली मागायची तर कोण मागतंय, कुणासाठी, किती, हे एका दमात सांगायचं. आणि एक गोष्ट तर त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दोन दिवस पुसूच दिली नाही. जो धोका बघेल त्यानं बोलायचं, मग तो कुणीही असो.

डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि मी ते परत म्हणाले, तर मॅडम पटकन बोलून गेल्या, "नक्कल करताय का माझी, सिस्टर?" सगळा हॉल हसला. आमच्याकडे मोठ्या माणसाचं बोलणं त्याच्या तोंडावर परत म्हणणं म्हणजे चिडवणंच. पण दुसऱ्या दिवशी त्याच मॅडम, मी परत म्हणेपर्यंत थांबून राहायला लागल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, काहीतरी नवीन घडून राहिलं.

तर माझं भांडण ट्रेनिंगशी नाही. भांडण आहे ते त्याच्या परीक्षेशी.

ट्रेनिंगचा उपयोग झाला की नाही हे मोजायचं होतं. त्यासाठी एक रबराची बाई आणली होती. आत लाल पाण्याची पिशवी. तिला टेबलावर निजवायचं, बाळंतपणानंतर रक्त जातंय असं दाखवायचं आणि टीम काय करते ते बघायचं. एकदा शिकवायच्या आधी, एकदा नंतर. मार्क देणारं माणूस इथलंच हवं होतं, सगळ्यात जुनी म्हणून फॉर्म आणि पेन माझ्या हातात आलं. मीही फुगले. चष्मा पुसून शहाण्यासारखी कोपऱ्यात उभी राहिले. फॉर्मवर चार रकाने होते. डॉक्टर, नर्स, लॅब, फार्मसी.

पहिली परीक्षा पहिल्याच सकाळी आमच्याच लेबर रूममध्ये झाली. मॅडम रबराच्या बाईची नाडी बघून राहिल्या होत्या, एक सिस्टर सलाईन शोधून राहिली होती, दुसरी विचारून राहिली होती की सुरू झालं का सर. आणि दारातून आवाज आला, "अगं बयांनो, ही वाहून चालली आणि तुमी गप्पा काय हाणता!"

ती मावशी. आमच्या वॉर्डातली आया. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, ठेकेदाराकडची, बिल्ल्यावर फोटो कुणाचा आहे हे ओळखू येणार नाही इतका जुना. बाळंतिणीखालचे कपडे बदलायचे, टेबल धुवायचं, बाळ पुसायचं, हे तिचं काम. मावशी रक्तानं भिजलेला कपडा उचलते आणि हातावरच्या वजनावरून सांगते, हे ठीक आहे किंवा हे ठीक नाही. माझ्या देखत तिनं किती बाया वाचवल्या ते मी मोजलेलं नाही, पण तिनं "ठीक नाही" म्हटलं आणि काही निघालं नाही, असं मला आठवत नाही. तिची सांगायची पद्धत एकच, ओरडायचं. मला, मॅडमना, सगळ्यांना एकाच मापात "ए, इकडं मर आधी!" आम्ही धावायचो. कुणाला कधी राग आला नाही.

त्या सकाळीही टेबलाखाली टपकणारं लाल पाणी आधी मावशीनंच बघितलं. खरं तर साहेबांनी तिथंच टाळी वाजवायला हवी होती. जो धोका बघेल त्यानं बोलायचं, हे तेच तर पुढे फळ्यावर लिहिणार होते. पण साहेबांनी परीक्षा थांबवली आणि मला विचारलं, "सिस्टर, ये कौन से प्रोफेशन में हैं?"

मी म्हटलं, मावशी आहे, आया.

साहेबांनी फॉर्म वरखाली बघितला. चार रकाने. मावशी कुठेच बसेना. मग ते म्हणाले, बाहेरच्या माणसानं सांगितलं तर टीमचे मार्क कसे धरायचे, निकाल बिघडतो. आणि मऊ आवाजात मला सुचवलं, "गर्दी आणि आवाज हाच तर तुमचा मोठा प्रॉब्लेम आहे, सिस्टर. टेबलाभोवती एक लाइन आखून घ्या. टीम आत, बाकी सब बाहर, आणि बाहेरचे चूप."

आता मी काय केलं ते ऐका. मी स्टोअरमधून पिवळ्या चिकटपट्टीचा रोल आणला आणि गुडघ्यावर बसून टेबलाभोवती गोल पट्टी चिकटवली. माझे गुडघे दुखतात, म्हणून रोलचं दुसरं टोक मावशीनं धरलं. मी चिकटवत गेले, ती मागे मागे सरकत गेली. पट्टी पुरी झाली तेव्हा ती बाहेर होती. तिनं विचारलं, "मी इथंच का?" मी म्हटलं, "हो, बोलावलं की यायचं." ती "बरं" म्हणाली. मला त्यात काही वाटलं नाही. खरं सांगते, जमीन चकचकीत दिसत होती म्हणून मला बरंच वाटलं.

दोन दिवसांनी, ट्रेनिंग संपल्यावर, दुसरी परीक्षा. या वेळी सगळ्यांना सगळं पाठ. शाळेच्या गॅदरिंगला मुलं करतात तसं. मॅडम सांगतात, सिस्टर परत म्हणते, लॅबवाले भाऊ बाटली घेऊन पळत येतात, फार्मसीवाले भाऊ इंजेक्शनचं नाव मोठ्यानं वाचून देतात. बाहेर मावशी हात बांधून उभी, मिठाची गुळणी धरल्यासारखी. मी टिक करत गेले. बरोबर, बरोबर, बरोबर. शेवटचा प्रश्न राहिला. काय झालं आणि काय केलं, ही माहिती रुग्णाला दिली का? हो किंवा नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आता हिला काय सांगायचं? रबराची बाई!"

हसू फुटलं. साहेब हसले, मॅडम हसल्या, लॅबवाल्या भाऊंना तर ठसका लागला. एका खुणेसाठी पैकीच्या पैकी कशाला घालवायचे? मी "हो"वर टिक केली. मग चहा झाला, फोटो निघाला. फोटोत मावशी नाही. ती कपबश्या उचलून राहिली होती.

साहेब जाताना सांगून गेले की पट्टी कायम ठेवा. ठेवली. मीच ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती मुलगी आली. धूलकोटकडच्या गावातली, नवरा केळीच्या बागेत राबणारा, पहिलंच बाळंतपण. सकाळी आली तेव्हापासून तिनं मावशीचा हात सोडला नाही. मावशीला तेव्हा आत बोलावलेलं होतं, पाय धरायला. कळांच्या मध्ये मुलगी रडवेली होऊन विचारायची, "मावशी, दुसऱ्या वेळीपण एवढंच दुखते का?" आणि मावशी तिचं कपाळ पुसत म्हणायची, "अगं येडी, पहिलंच काय ते. दुसरं म्हणजे नुसती शिंक. शिंकली का झालं." त्या कळांमध्येही ती पोर हसली.

अकराच्या सुमाराला मुलगी झाली. चांगली रडली, चांगली गुलाबी. सगळं ठीक. बाळंतिणीला दोन तास टेबलावरच नजरेखाली ठेवतात, तशी ठेवली. मावशी पट्टीच्या बाहेर गेली. मॅडम दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. आत एक तरुण सिस्टर होती, कामाला चांगली, हुशार. पण ट्रेनिंगनंतर रोज एक फॉर्म भरायचा असे, आज टीमनं काय काय केलं त्याचा, आणि दुपारी ड्यूटी बदलायच्या आत तो पुरा करून द्यायचा. ती टेबलाकडे पाठ करून तो भरत बसली होती. टीमवर्कचा फॉर्म! हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी स्टोअरमध्ये चादरी मोजत होते. परत आले तर मावशी दिसली. हातात कोरडा कपडा, आणि त्याला पीळ घालून घालून त्याची दोरी केलेली. नजर टेबलाखाली. तोंड बंद.

"काय झालं मावशी?"

"काही नाही सिस्टर. मी लाइनच्या बाहेरच शे." मग अगदी हळू म्हणाली, "पण ती पोरगी लई भिजेल शे. मघापासून."

मी आत गेले आणि मुलीच्या अंगावरची चादर उचलली.

त्यानंतर जे झालं त्यात कुणाच्याही कामात बोट दाखवायला जागा नाही. मी ओरडले, तरुण सिस्टरनं एका दमात मॅडमना सांगितलं, मॅडम धावत आल्या. इंजेक्शन सांगितलं, परत म्हटलं, दिलं. पोट चोळलं, सलाईन दोन्ही हातांना लावली, लॅबवाले भाऊ स्वतः बाटल्या घेऊन जिना उतरून आले. जे शिकलो ते सगळं केलं. ट्रेनिंग झालं नसतं तर ती पोर टेबलावरच गेली असती, हे मी शपथेवर सांगेन. पण रक्त थांबेना. मॅडम बाहेर जाऊन नवऱ्याशी आणि सासऱ्याशी बोलल्या, कागदावर सही घेतली, आणि ऑपरेशनला नेलं. पिशवी काढावी लागली. मुलगी जगली.

संध्याकाळी मावशीला मी बाजूला घेतलं. खरं तर तिच्यावरच चिडले. इतकी वर्षं गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडलीस, आज काय तोंडाला कुलूप लागलं होतं? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी खोकले सिस्टर. बादली वाजवली. एकदा बाई म्हणून हाक बी मारली. ती म्हणे, मावशी, लाइन के बाहर रहो, मी लिहून राहिली. तुमीच सांगेल होतं ना, बोलावलं का यायचं."

"मघापासून म्हणजे किती वेळ?"

तिला घड्याळात सांगता येत नव्हतं. तिच्या कामात सांगितलं. "दोनदा कपडा बदलून झाला असता, इतका."

मी मॅडमना विचारलं, दोन कपड्यांइतका वेळ आधी कळलं असतं तर पिशवी वाचली असती का? मॅडमनी केसपेपर मिटला. मग म्हणाल्या, सांगता येत नाही, सिस्टर. डॉक्टरला तसंच म्हणावं लागतं. मला मात्र सांगता येतं. वाचली असती.

दुसऱ्या दिवशी मुलगी शुद्धीवर होती, बाळाला छातीशी धरून. तिला सांगायचं होतं. मी पलंगाकडे जायला निघाले तर दारातच सासूनं माझा हात धरला. "बाई, कच्ची बाळंतीण शे ती. आता काही बोलू नका, दूध आटी जाई. सव्वा महिना होऊ द्या, मग आमीच सांगू घरी." आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला वाईट बातमी देत नाहीत. माहेरी कुणी गेलं तरी दाबून ठेवतात. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मलाही माझ्या मामाचं असंच उशिरा कळलं होतं. मला सासूचं पटलं. आणि खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. कुणाला हौस असते एकवीस वर्षांच्या पोरीला ते सांगायची?

मुलीनं विचारलं, पोटाला टाके कशाला? मी म्हटलं, रक्त थांबत नव्हतं, ऑपरेशन करावं लागलं. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. मॅडमना वाटलं, सिस्टरनं सांगितलं. मला वाटलं, सव्वा महिन्यानं घरचे सांगतील. घरी जाताना तरुण सिस्टरनं तिला लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट समजावलं, कारण तिच्या रकान्यात तेवढंच होतं. कार्डावर मॅडमनी लिहिलं होतं सगळं, इंग्रजीत. मुलीनं कार्ड पिशवीत घातलं.

आठवड्यानं साहेबांचा फोन. आनंदानं नुसते फुललेले. "सिस्टर, रिअल केस में टीम ने कमाल कर दिया!" वर कळवायचं होतं, म्हणून परीक्षेचा तोच फॉर्म खऱ्या केससाठी भरून पाठवायला सांगितला. मी म्हटलं, साहेब, आधी एक रकाना वाढवा. आयाचा. तिनं बघितलं होतं आणि आपण तिला गप्प बसवलं होतं, हे त्यात यायला पाहिजे. साहेब म्हणाले, पॉइंट बरोबर आहे, पण फॉर्मेट ऊपर से आता है. मी म्हटलं, मग वरच्याला द्या फोन! साहेब मऊच. म्हणाले, "आप बहुत पॅशनेट हैं, सिस्टर." इतका संताप आला की फोन कानाला लावून मी भिंतीकडे बघत राहिले. बोलले असते तर नोकरी गेली असती.

आणि मग, इतकं भांडून, मी काय केलं? फॉर्म भरला. वेळेत धावले का, हो. औषध परत म्हटलं का, हो. शेवटचा प्रश्न तोच. काय झालं आणि काय केलं, ही माहिती रुग्णाला दिली का? मी पेन धरून थांबले. मनात म्हटलं, घरच्यांना दिली आहे, सही आहे, म्हणजे दिलीच की. "हो"वर टिक. पुन्हा पैकीच्या पैकी. पत्र आलं, उत्कृष्ट समन्वय म्हणून. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलं आहे अजून.

पत्र फळ्यावर लागलं त्या दिवशी मी लोखंडी पत्र्याचा तुकडा घेतला आणि पिवळी पट्टी खरवडून काढली. गुडघे दुखत होते तरी एकटीनंच काढली. पट्टी निघाली, पण डिंक निघेना. रॉकेल लावलं, साबण लावला, काळपट गोल डाग राहिलाच. मावशीला म्हटलं, झालं, आता पहिल्यासारखी ये-जा कर, पहिल्यासारखी ओरड. ती "हो सिस्टर" म्हणाली. पण कपडा द्यायला आली की त्या डागापाशी तिचं पाऊल अडतं. मला आता "तुमी" म्हणते. आधी कधी म्हणाली नव्हती.

आणि मग परवाची गोष्ट. बाळांच्या लसींचा दिवस होता. सकाळी आम्ही लेबर रूममध्ये सामान तपासत होतो, मॅडम, ती तरुण सिस्टर, मी, आणि कपड्यांचा ढीग घेऊन मावशी. लॅबवाले भाऊ रक्ताच्या रजिस्टरवर सही घ्यायला आले होते. दारातून कुणीतरी डोकावलं, "मावशी हाये का?"

तीच मुलगी. अंगानं भरली होती, कानात नवे डूल, काखेत साडेतीन महिन्यांची गुबगुबीत पोर, दुसऱ्या हातात मावा जिलेबीचा पुडा. लस झाली होती, म्हणून बाळाचे डोळे ओले होते. मी म्हटलं, ये गं, आत ये. ती सरळ टेबलापाशी आली, टेबलावर हात फिरवला, हसली.

"इथंच ना? मला तर काहीच आठवत नाही. नुसता मावशीचा आवाज आठवते."

मॅडमनी बाळाचा गाल ओढला. तरुण सिस्टरनं वजन किती झालं म्हणून विचारलं. मुलीनं पुडा मावशीकडे धरला. मावशी कपड्यांचा ढीग घेऊन डागाच्या बाहेर उभी. मुलगी म्हणाली, "घे ना मावशी. तुझ्यासाठीच आणली. आणि पुढच्या वेळीपण तूच पाहिजे बरं का. यांचं म्हणणं आहे दोन वर्षं थांबू, मग दुसरं. यांना पोरगा पाहिजे. मला तर पोरगीच झाली तरी चालेल. आता मला भ्याव नाही वाटत. तूच म्हणे ना, दुसरं म्हणजे नुसती शिंक?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांना आत्ता कळलं. तरुण सिस्टरनं इंजेक्शनच्या बाटल्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. लॅबवाले भाऊ रजिस्टर छातीशी धरून दाराकडे सरकले. सव्वा महिना होऊन दोन महिने उलटले होते. नवऱ्यानं सही केली होती, सासऱ्याला माहीत होतं, सासूला माहीत होतं, आमच्यातल्या एकूण एकाला माहीत होतं. जिच्या पोटावर टाके होते, फक्त तिला माहीत नव्हतं. आणि ती माहिती दिली म्हणून माझी खूण वर भोपाळपर्यंत पोचली होती.

सगळी टीम हजर होती, पैकीच्या पैकीवाली, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना.

मावशीनं कपड्यांचा ढीग खाली ठेवला. खाली, जमिनीवर, जे ती कधी करत नाही. डाग ओलांडून आत आली. मुलीच्या हातातला पुडा घेऊन टेबलावर ठेवला, बाळ घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मग मुलीला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं.

"काय झालं मावशी?" मुलगी म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी तिचा तो जुना आवाज निघाला, बाहेरच्या ओसरीपर्यंत गेला असेल असा.

"ए, तोंड उघड आता. नाहीतर मी सांगते."

बाळ माझ्या खांद्यावर होतं, जड आणि ऊबदार. मी स्टुलासमोर खाली बसले, गुडघ्यांवर. मुलीचं हसू अजून तसंच होतं.

मी म्हटलं, "बेटा, त्या दिवशी तुझं ऑपरेशन झालं ना, त्यात काय केलं ते तुला आम्ही सांगितलं नाही."